तिरंगी मनी आणि नेटीबाई

आमच्या पनवेलच्या घरी मांजर पाळावी लागत नाही. ती आपणच येते, माजघरातून एक फेरी मारते, घर पसंत पडलं तर राहते. मनीही अशीच आली. पोट पांढरं, पाठीवर काळी आणि पिवळी ठिगळं. मी तीस वर्षं शिवणाचे क्लास घेतले, त्यामुळे मला ती बघताक्षणी उरल्यासुरल्या चिंध्यांची गोधडीच वाटली.

काही वर्षांपूर्वी मनी माळ्यावर व्याली. चार पिल्लं. एक पिवळं, एक काळं आणि दोन तिच्यासारखी तिरंगी. कोळीवाड्यातली आमची मासेवाली मावशी तेव्हा दारात पाटी उतरवून बसली होती. मांदेली मोजता मोजता तिने पिल्लांकडे नजर टाकली आणि सांगून टाकलं, की त्या दोन तिरंगी आहेत ना, त्या भाट्या. हातात घेऊन बघितलं नाही, काही नाही! वर म्हणाली की तिने उभ्या जन्मात तिरंगी बोका बघितलेला नाही.

मला काही ते पटलं नाही. रंगाचा आणि नर-मादीचा काय संबंध? पण पुढे पिल्लांना डॉक्टरकडे नेलं तेव्हा मावशीचं बरोबर निघालं. दोन्ही तिरंगी भाट्या, पिवळा तो बोका आणि काळी तीही भाटी.

माझी लेक तेव्हा प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी करत होती. ती म्हणाली, आई, मावशी अनुभवाने बोलली, पण त्याच्यामागे शास्त्र आहे. आणि त्या शास्त्राची किल्ली एका बाईने शोधली. ही नेटी स्टीव्हन्स. मी म्हटलं, कोण गं ही? मग तिने मला जे सांगितलं, त्याने मी दोन रात्री झोपले नाही. का झोपले नाही, ते आधी सांगते.

मैत्रिणींनो, मी तिसरी. म्हणजे आई-वडिलांची तिसरी मुलगी. आमच्याकडे मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी वाटायची रीत. थोरल्या ताईच्या वेळी बर्फी वाटली. मधलीच्या वेळी घरच्याघरी वाटली. माझ्या वेळी बर्फीसुद्धा आली नाही. आजी बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावरूनच परत फिरली म्हणे. आईची कूसच मुलींची, असं त्या दिवसापासून घरात बोललं जाऊ लागलं. वडिलांचं दुसरं लग्न करून द्यायची बोलणीही झाली. वडिलांनी ती होऊ दिली नाहीत, पण आईच्या बाजूने एक शब्दही बोलले नाहीत. आईने उपास केले, नवस केले, कुणी सांगितलेली कडू औषधं प्यायली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिने स्वतः ते खरं मानलं. आपल्यातच काहीतरी खोट आहे, हे तिने साठ वर्षं मनात धरून ठेवलं.

तर आता नेटीची गोष्ट. तिला मी अहो-जाहो करणार नाही, कारण आता ती मला जुनी मैत्रीण वाटते.

नेटी मारिया स्टीव्हन्स ७ जुलै १८६१ रोजी अमेरिकेत व्हर्मांट राज्यातल्या कॅव्हेंडिश गावी जन्मली. आपल्याकडे सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली ती १८४८ साली. म्हणजे त्यानंतर तेरा वर्षांनी. तुम्हाला वाटेल, अमेरिकेतली मुलगी, तिला काय कमी? पण तिचे वडील सुतार होते. नेटी दोन वर्षांची असताना आई गेली. भावंडांत शेवटी उरल्या दोघी, नेटी आणि धाकटी बहीण एमा. वडिलांनी पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफर्ड गावी बिऱ्हाड हलवलं. सुताराने एक गोष्ट मात्र फार मोलाची केली. दोन्ही मुलींना शाळेत घातलं आणि शाळेतून काढलं नाही.

तेव्हा शिकलेल्या मुलीपुढे वाटा तरी किती? शिक्षिका व्हायचं, नाहीतर नर्स, नाहीतर कुणाकडे लिहिण्याचं काम. नेटी शिक्षिका झाली. मध्ये पैसे साठवून ती वेस्टफील्डच्या अध्यापक विद्यालयात गेली आणि चार वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांत, तोही सगळ्यांच्या पुढे राहून, पुरा केला. मग पुन्हा शाळा. फळा, खडू, वह्या तपासणं. काही काळ तिने ग्रंथालयातही काम केलं. पैसा पैसा जोडत वर्षं गेली.

तिशी उलटली. आपल्याकडे या वयात बाईला सगळं ठरून गेल्यासारखं वाटतं. मुलांचे डबे, परीक्षा, सासूबाईंची औषधं. नवीन काही करायचं म्हटलं की आपणच आपल्याला हसतो. पण नेटीने १८९६ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, सामान बांधलं आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात पहिल्या वर्गात जाऊन बसली. आजूबाजूला तिच्या विद्यार्थिनी शोभतील अशा मुली! १८९९ साली पदवी, १९०० साली एम. ए. सुट्टीत इतर लोक घरी जायचे, ही समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत जाऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायची. वडील आणि बहीणही पुढे कॅलिफोर्नियाला राहायला आले.

तिथून ती पुन्हा देश ओलांडून पूर्वेकडे आली, फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात. फिलाडेल्फिया म्हटलं की आपल्याला कोण आठवतं? आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी! त्याच शहरातल्या मुलींच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. नेटी तिथे पोचली तेव्हा आनंदीबाईंना जाऊन तेरा वर्षं झाली होती. दोघींची गाठ पडणं शक्यच नव्हतं. पण आनंदीबाई नेटीपेक्षा चार वर्षांनी लहान होत्या, हे कळल्यावर मला उगाच वाटलं, की आयुष्य मिळालं असतं तर त्यांनीही केवढं काम केलं असतं.

ब्रिन मॉरने नेटीला शिष्यवृत्ती देऊन युरोपात पाठवलं. इटलीत नेपल्सच्या समुद्री प्राण्यांच्या संशोधन केंद्रात आणि जर्मनीत वुर्झबर्गला थिओडोर बोव्हेरी या नामवंत शास्त्रज्ञाकडे. बोव्हेरी अभ्यास करत होते तो पेशीतल्या गुणसूत्रांचा. आपल्या पेशीच्या पोटात धाग्यासारखे बारीक तुकडे असतात. आई-बापांकडून मुलांत जे काही येतं, रंग, उंची, केस, ते या धाग्यांवरून येत असावं, असा तेव्हा नुकता अंदाज बांधला जात होता. १९०३ साली नेटी पीएच. डी. झाली. तेव्हा ती बेचाळिशीला टेकली होती.

पदवी मिळाली, पण पोटाचं काय? संशोधनाला पगार कोण देणार? तिने वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेकडे अर्ज केला. १९०४ साली ती मदत मिळाली. आता तिच्यापुढे एकच प्रश्न होता, जो आपल्या घराघरात विचारला जातो. मुलगा होणार की मुलगी, हे ठरतं कशावरून?

त्या काळी मोठमोठे विद्वान काय मानत होते, ऐका. आईला खायला भरपूर मिळालं तर मुलगी होते, खाणं बेताचं असलं तर मुलगा, असं काहींचं मत. काहींच्या मते हवेच्या उष्णतेवर सगळं अवलंबून. म्हणजे आमच्या आजीत आणि त्या विद्वानांत फारसा फरक नव्हता! मुलगा की मुलगी ते आईच्या पोटात, आईच्या खाण्यापिण्याने ठरतं, असं दोन्हीकडे धरून चालले होते.

नेटीने उत्तर शोधलं कशात? पिठात! पिठाच्या कोठारात, कोंड्यात होणाऱ्या अळ्या असतात ना, ज्यांचे पुढे काळे भुंगेरे होतात, त्या तिने घेतल्या. आपण पीठ चाळून ज्या बाहेर टाकतो, त्या तिने काचेखाली ठेवल्या. नराच्या आणि मादीच्या पेशी घेऊन एकेक धागा मोजला.

मादीच्या पेशीत २० धागे, सगळे मोठे. नराच्या पेशीतही २०, पण त्यातले १९ मोठे आणि एक अगदी लहान. बस्स! इतकाच फरक. पण नेटी तिथे थांबली नाही. अंड्यात आणि नराच्या बीजात हे धागे निम्मे येतात. सगळ्या अंड्यांत १० मोठे धागे. नराच्या बीजात मात्र दोन तऱ्हा. अर्ध्यांत १० मोठे, अर्ध्यांत ९ मोठे आणि तो एक लहान. मोठ्या धाग्यांचं बीज अंड्याला मिळालं तर मादी, लहान धागा असलेलं मिळालं तर नर. अंडी सगळी सारखीच. फरक नराच्या बीजात.

हे तिने १९०५ साली छापलं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले एडमंड विल्सन हेही स्वतंत्रपणे त्याच सुमाराला तिथपर्यंत पोचले होते. पुढे मोठ्या धाग्याला एक्स आणि लहान धाग्याला वाय असं नाव पडलं. आज दहावीचं पोरगंही सांगेल, बाईच्या पेशीत दोन एक्स, पुरुषाच्या पेशीत एक एक्स आणि एक वाय. पण हे पहिल्यांदा डोळ्यांनी बघून, मोजून, ठामपणे सांगणाऱ्यांत एक सुताराची मुलगी होती, हे पोरांना कुणी सांगत नाही.

लेकीने मला हे समजावलं ते माझ्या बटणांच्या डब्यातून. मोठी बटणं एक्स, लहान बटण वाय. आईच्या मुठीत दोन मोठी बटणं, ती देऊन देऊन मोठंच देणार. बापाच्या मुठीत एक मोठं, एक लहान. त्याच्याकडून मोठं आलं तर मुलगी, लहान आलं तर मुलगा. आणि दर वेळी मूठ नव्याने उघडते. दोन मुली झाल्या म्हणून तिसऱ्या वेळी मुलाची पाळी, असं काही नसतं. प्रत्येक वेळी नाणं उडवल्यासारखंच.

मी त्या दोन रात्री झोपले नाही ती यामुळे. माझी आई साठ वर्षं ज्याची शिक्षा भोगत होती, ते तिच्या मुठीत कधी नव्हतंच. १९०५ सालीच ते सिद्ध झालं होतं. माझा जन्म त्यानंतर साठेक वर्षांनी. एवढ्या वर्षांत ही बातमी अमेरिकेतून आमच्या आळीपर्यंत पोचली नाही!

पण एक सांगते. म्हणून आता बापाला धारेवर धरायचं, असंही नाही. कुठलं बटण पुढे जावं हे बापाच्याही हातात नसतं. दोष कुणाचाच नाही, कारण मुलगी हा दोषच नाही.

आता आपल्या मनीकडे येऊ. मांजरांतही माद्यांना दोन एक्स, बोक्यांना एक एक्स आणि एक वाय. मांजरीचा पिवळा रंग ज्या जनुकावर ठरतो, ते जनुक या एक्स धाग्यावरच बसलेलं असतं. बोक्याकडे एक्स एकच, म्हणून तो एकतर पिवळा, नाहीतर काळा. यात काळ्याबरोबर आपले राखी पट्टेवालेही आले. भाटीकडे एक्स दोन. एकावर पिवळा आणि दुसऱ्यावर काळा असेल, तर अंगावर दोन्ही रंग उमटतात. पांढरा रंग निराळाच. तो दुसऱ्या धाग्यावरच्या दुसऱ्या जनुकाने येतो आणि बोक्यालाही येतो. तिन्ही जमले की झाली तिरंगी मनी. म्हणूनच आमची मासेवाली मावशी पिल्लू न उचलता सांगू शकली.

यातून एक गंमत निघते. बोक्याला वाय बापाकडून मिळतो, म्हणजे त्याचा एकुलता एक एक्स आईकडूनच आलेला असतो. तेव्हा बोका पिवळा की काळा, हे फक्त त्याच्या आईवर. बाप कितीही पिवळा असू दे! भाटीच्या रंगात मात्र आई-बाप दोघांचाही वाटा. पिवळा बोका आणि काळी भाटी यांची सगळी मुलं काळी होणार आणि सगळ्या मुली काळ्या-पिवळ्या मिश्र. उलट काळा बोका आणि पिवळी भाटी असेल तर मुलं पिवळी, मुली पुन्हा मिश्र.

आमच्या आळीत मनीच्या पिल्लांचा बाप म्हणून समोरच्या पिवळ्या बोक्यावर सगळ्यांचा संशय होता. लेकीने खटला चालवला. म्हणाली, चारांतली जी काळी भाटी आहे, तिचे दोन्ही एक्स काळे. एक मनीचा, दुसरा बापाचा. पिवळ्या बोक्याकडे काळा एक्स असतोच कुठे? तेव्हा निदान त्या काळीचा बाप तो नव्हे. मांजरीच्या एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, म्हणून बाकीच्यांबद्दल खात्री देता येत नाही. पण पिवळा निम्मा तरी निर्दोष सुटला!

कधी कधी, हजारो तिरंग्यांत एखादा, तिरंगी बोकाही जन्मतो. त्याच्याकडे चुकून दोन एक्स आणि एक वाय आलेला असतो आणि त्याला सहसा पिल्लं होत नाहीत. मावशीला तो दिसला नाही यात नवल नाही.

मांजरांच्या या रंगांचं कोडं नेटीच्याच काळात शास्त्रज्ञांपुढे होतं. १९०४ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या लेनर्ड डॉनकास्टर यांनी त्यावर लेख लिहिला. मिश्र रंगाच्या सगळ्या माद्याच का, हे तेव्हा नीट उलगडत नव्हतं. उलगडणार कसं? नर-मादीचे धागे वेगळे असतात हेच मुळी पुढच्या वर्षी नेटीने आणि विल्सन यांनी दाखवलं. तो पाया पडल्यावर १९१२ साली अमेरिकेतल्या क्लॅरेन्स लिटल यांनी मांडलं, की पिवळ्या रंगाचं जनुक एक्सवर असलं पाहिजे.

ते १९१२ साल नेटीचं शेवटचं ठरलं. ब्रिन मॉरमध्ये ती शिकवत होती, संशोधन करत होती. भुंगेरे, माश्या, मावा, असे डझनावारी जातींचे कीटक तिने तपासले, म्हणजे एका किड्यावरून बोलली असं कुणी म्हणू नये. संशोधनाची उणीपुरी अकरा-बारा वर्षं मिळाली, त्यात चाळीसच्या आसपास निबंध लिहिले. १९०५ साली तिला स्त्री-संशोधकांसाठीचं एलन रिचर्ड्स पारितोषिक मिळालं, एक हजार डॉलरचं. पण हुद्दा लहानच राहिला. शेवटी कॉलेजने तिच्यासाठी खास संशोधनाची प्राध्यापकी निर्माण केली. ती खुर्ची तयार झाली आणि नेटी आजारी पडली. स्तनाचा कर्करोग. ४ मे १९१२ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ती गेली. वय पन्नास. त्या खुर्चीवर ती एक दिवसही बसली नाही. वेस्टफर्डला वडील आणि बहिणीशेजारीच तिला पुरलेलं आहे.

तिचे एके काळचे गुरू टॉमस मॉर्गन यांनी तिच्यावर लेख लिहिला. तिच्या चिकाटीचं आणि बारीक नजरेचं त्यात कौतुक आहे, पण तिच्याकडे व्यापक दृष्टी थोडी कमी होती, असाही सूर आहे. मला हे वाचून हसू आलं आणि रागही आला. बाईचं काम म्हणजे मेहनतीचं आणि टापटिपीचं, बुद्धीचं नव्हे, हे आपल्याला नवीन आहे का? मॉर्गन यांना गुणसूत्रांवरच्या कामासाठी १९३३ साली नोबेल मिळालं. ते मोठेच होते, त्याबद्दल वाद नाही. पण पाठ्यपुस्तकांत एक्स-वायचा शोध बरीच वर्षं विल्सन यांच्या नावावर राहिला आणि नेटी मागे पडली. आता जगभर तिचं नाव घेतात. ७ जुलै २०१६ रोजी तिच्या १५५व्या जन्मदिवशी गुगलने आपल्या पहिल्या पानावर तिचं चित्र लावलं होतं.

गोष्ट इथे संपत नाही, कारण मांजर अजून बाकी आहे. दोन्ही रंग आहेत तर ते मिसळून एकच करडा रंग का होत नाही? ठिगळं का पडतात? १९४९ साली कॅनडात मरे बार आणि एवर्ट बर्ट्रम यांना मांजरीच्याच मज्जापेशींत एक गडद ठिपका दिसला. भाट्यांत दिसे, बोक्यांत नाही. १९६१ साली इंग्लंडच्या मेरी लायन या बाईंनी त्याचा अर्थ लावला. मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एक झोपी जातो आणि एकच काम करतो. गर्भ अगदी लहान असतानाच कुठला झोपणार ते ठरतं, तेही नशिबाने. जिथे काळा एक्स झोपला तिथे पिवळं ठिगळ, जिथे पिवळा झोपला तिथे काळं. म्हणून दोन तिरंगी मांजरी कधी हुबेहूब सारख्या नसतात. २००१ च्या डिसेंबरात अमेरिकेत टेक्सासला एका तिरंगी मांजरीची जशीच्या तशी प्रतिकृती जन्माला घातली, तर तिच्यात पिवळा रंग आलाच नाही!

आणि २०२५ साली जपानमधल्या क्युशू विद्यापीठाच्या आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी पिवळ्या रंगाची नेमकी जागाही शोधली. एक्स धाग्यावरचा एक छोटासा तुकडा पिवळ्या मांजरांत गळालेला असतो. स्टॅनफर्ड म्हणजे तेच, जिथे पस्तीस वर्षांची नेटी पहिल्या वर्गात जाऊन बसली होती.

मेरी लायन यांनी जे सांगितलं ते फक्त मांजरीला नाही, आपल्यालाही लागू आहे. आपल्या प्रत्येकीच्या अंगात काही पेशींत आईकडचा एक्स जागा असतो, काहींत बापाकडचा. कातडीवर दिसत नाही इतकंच. आतून आपण सगळ्या गोधड्याच, मनीसारख्या!

आपल्या महाराष्ट्राने १९८८ साली देशात सगळ्यांत आधी गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला. देशाचा कायदा १९९४ साली आला. तरीही २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे राज्यात ९१३ मुली होत्या आणि २०११ साली त्या ८९४ झाल्या. शिक्षण वाढलं, मशीन आलं आणि मुली कमी झाल्या. म्हणून वाटतं, नेटीची गोष्ट पुस्तकात राहून उपयोगाची नाही. ती ओटीवर, हळदीकुंकवाला, भिशीच्या दिवशी सांगायला हवी.

मी ती पहिल्यांदा सांगितली माझ्या आईला. आई आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. दुपारी झोपाळ्यावर बसली होती, मांडीवर मनी. मी बटणांचा डबा तिच्यापुढे ओतला आणि लेकीने मला समजावलं तसं समजावलं. आईच्या मुठीत दोन मोठी, बाबांच्या मुठीत एक मोठं, एक लहान. तिने बटणं हातात घेऊन बराच वेळ चाचपली. मला वाटलं, तिला कळलं नाही. मग तिने पुन्हा विचारलं, माझ्याकडे लहान बटण नव्हतंच का? मी म्हटलं, नव्हतंच. ती काही बोलली नाही. मनीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, काळ्यावरून पिवळ्यावर, पिवळ्यावरून काळ्यावर. संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना मात्र ती रडली. साठ वर्षांत तिला रडताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

मागच्या वर्षी माझ्या भाचीला दुसरी मुलगी झाली. बातमी घेऊन आलेल्या शेजारणीने जरा तोंड बारीक केलं. आईने उशीखालची पैशांची पिशवी काढली आणि मला बाजारातून मिठाई आणायला पिटाळलं. मी सवयीने बर्फी म्हटलं, तर मला थांबवलं.

पेढे आण म्हणाली. आळीभर पुरतील एवढे.